ताप उतरला तरी लक्ष ठेवा : कोरोना, प्लेटलेट आणि रक्ताची गुठळी



आज आपण रक्ताबद्दल बोलणार आहोत. कोरोनाचा ताप आपल्याला माहीत झाला, खोकला माहीत झाला, वास जाणं माहीत झालं. पण हा आजार रक्तात काय करतो, हे फार कमी जणींपर्यंत पोहोचलं. ते कळलं तर एखाद्या घरातलं माणूस वाचू शकतं, म्हणून हा विषय घेतला आहे.

२०२१ चा उन्हाळा आठवा. मोहफुलं वेचून होत आली होती, तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर होता, आणि कोरोनाची दुसरी लाट घराघरांत शिरली होती. शहरातल्या दवाखान्यांत खाट मिळणं मुश्किल झालं होतं. त्या दिवसांत एक गोष्ट गावोगाव ऐकू आली. माणसाचा ताप उतरला, तो जेवायला लागला, अंगणात येऊन बसायला लागला, आणि आठ-दहा दिवसांनी अचानक दम लागून गेला. घरचे विचारत राहिले, "बरा झाला होता, मग गेला कसा?" कोणी म्हणालं इंजेक्शन मिळालं नाही, कोणी म्हणालं लस बाधली, कोणी करणीचं नाव काढलं. कारण कळलं नाही की संशयाला जागा मिळते. आणि आपल्या भागात संशयाचा मार बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या नाहीतर एकट्या बाईवर येतो.

अशा मरणामागे कारणं वेगवेगळी असतात. कोणाचा न्यूमोनिया वाढतो, कोणाचं हृदय थकतं. पण एक कारण असं आहे की ज्याच्या खुणा घरातल्या बाईला ओळखता येतात. ते कारण म्हणजे रक्तात झालेली गुठळी.

रक्तात काय काय असतं?

रक्त लाल दिसतं ते लाल पेशींमुळे. त्या श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोहोचवतात. दुसऱ्या पांढऱ्या पेशी. त्या रोगाशी लढतात. तिसऱ्या सगळ्यांत लहान, त्या प्लेटलेट. मराठी पुस्तकांत त्यांना बिंबिका म्हणतात, पण दवाखान्यात, दुकानात, बसस्टँडवर सगळे प्लेटलेटच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

प्लेटलेट हाडाच्या आतल्या मगजात तयार होतात. एक प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, मग तिची जागा नवी घेते. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा रक्ताच्या थेंबात, म्हणजे एका घनमिलिमीटरमध्ये, साधारण दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रिपोर्टवर लिहिलेला आकडा तो हाच.

यांचं काम एकच, रक्त वाहून जाऊ द्यायचं नाही.

रक्त गोठतं कसं?

धान कापताना विळा बोटाला लागतो. रक्त येतं, आपण बोट दाबून धरतो, थोड्या वेळाने रक्त थांबतं. त्या थोड्या वेळात आत बरंच काही घडतं.

आपल्या झाडीपट्टीतल्या बाईला हे समजायला सोपं आहे, कारण तिने बांधी राखली आहे. तलावातून पाटाने पाणी येतं, बांध्यांमध्ये खेळतं. खेकड्याने धुऱ्याला भोक पाडलं की पाणी वाहून जाऊ लागतं. मग आपण काय करतो? आधी हाती लागेल तो चिखलाचा गोळा भोकावर थापतो. मग त्यावर काड्या, तणस आणि आणखी चिखल घालून ते पक्कं करतो.

शरीरही तसंच करतं. रक्तवाहिनी कापली गेली की आधी ती स्वतः आखडते. मग जवळून वाहणाऱ्या प्लेटलेट त्या जागी चिकटतात, आपला आकार बदलतात, हातपाय फुटल्यासारख्या पसरतात आणि दुसऱ्या प्लेटलेटना बोलावतात. हा झाला चिखलाचा गोळा. त्यानंतर यकृतात तयार झालेली आणि रक्तात विरघळलेली काही प्रथिनं एकापाठोपाठ एक जागी होतात आणि त्यातून बारीक धाग्यांची जाळी विणली जाते. या धाग्याला फायब्रिन म्हणतात. ही झाली तणसाची भर. गोळा आणि जाळी मिळून गुठळी होते आणि रक्त थांबतं.

पुढचं काम तितकंच महत्त्वाचं आहे. जखम भरत आली की शरीर ती गुठळी हळूहळू विरघळवून टाकतं. गुठळी करणारी आणि गुठळी विरघळवणारी अशी दोन्ही कामं शरीरात रोज चालू असतात. दोन्हींचा तोल आहे तोवर रक्त पाटातल्या पाण्यासारखं वाहतं.

आता विचार करा, धुऱ्याला भोक नसतानाच कोणी पाटात चिखलाचे गोळे टाकत सुटलं तर? पाट तुंबेल आणि खालच्या बांध्या वाळतील. कोरोनात काही रोग्यांच्या रक्तात असंच होतं.

कोरोनात काय बिघडतं?

विषाणू नाका-घशातून फुप्फुसात उतरतो. फुप्फुसात हवेचे लाखो बारीक फुगे आहेत आणि प्रत्येक फुग्याभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. इथेच ऑक्सिजन रक्तात जातो. विषाणूशी लढताना शरीर तिथे जोराची सूज आणतं. ही सूज काही जणांमध्ये आवरत नाही.

रक्तवाहिनीला आतून एक गुळगुळीत अस्तर असतं. हे अस्तर रक्ताला चिकटू देत नाही. सुजेने ते खरवडलं जातं. खरवडलेलं अस्तर एक चिकट प्रथिन रक्तात सोडतं आणि त्याला प्लेटलेट येऊन चिकटतात. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशीही आपल्या पोटातले धागे बाहेर फेकून जाळं टाकतात. जाळं विषाणूसाठी असतं, पण त्यात प्लेटलेटही अडकतात. त्याच वेळी गुठळी विरघळवण्याचं काम मागे पडतं. अशा तऱ्हेने जखम नसताना गुठळ्या होऊ लागतात.

रक्त नको तिथे का गोठतं, याची तीन कारणं जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ विरशो यांच्या नावाने शिकवली जातात. रक्तवाहिनीचं अस्तर दुखावणं, रक्त संथ होणं आणि रक्त जास्त गोठरं होणं. कोरोनाच्या जास्त आजारी रोग्यात तिन्ही एकत्र येतात. अस्तर सुजलेलं, माणूस दिवसचे दिवस खाटेवर पडून असल्याने पायातलं रक्त संथ, आणि सुजेमुळे रक्त गोठरं.

हे अंदाजाने सांगितलेलं नाही. २०२० साली युरोपातल्या डॉक्टरांनी कोरोनाने गेलेल्या सात जणांची फुप्फुसं तपासली आणि फ्लूने गेलेल्या लोकांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली. कोरोनाच्या फुप्फुसांत बारीक वाहिन्यांमधल्या गुठळ्या फ्लूच्या नऊपट होत्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कोरोना रोग्यांच्या प्लेटलेट लवकर चेवतात आणि निरोगी माणसाच्या प्लेटलेटपेक्षा पटकन एकमेकींना चिकटतात.

एक मात्र लक्षात ठेवा. ज्यांना साधा कोरोना होतो, त्यांतल्या बहुतेकांना गुठळीचा त्रास होत नाही. धोका मुख्यतः आजार अंगावर बसलेल्या माणसाला असतो. तरी खुणा सगळ्यांनी ओळखायच्या, कारण कोणाचा आजार वाढेल हे आधी सांगता येत नाही.

प्लेटलेटच्या आकड्यामागे किती धावायचं?

आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की डेंगू आठवतो. आकडा उतरला की घरात रडारड सुरू होते, कोणी पपईच्या पानाचा रस काढतं, कोणी गुळवेल आणतं. गडचिरोलीत मलेरियाही आहे आणि मलेरियातही प्लेटलेट उतरतात. म्हणून कोरोनातही लोक आकडाच विचारतात.

फरक असा आहे. डेंगूत प्लेटलेट खूप उतरू शकतात आणि मोठा धोका असतो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब पडण्याचा, शिवाय रक्तस्रावाचा. कोरोनात प्लेटलेट बहुतेकदा थोड्याच उतरतात. रिपोर्टमध्ये आकडा बरा दिसतो, पण त्या चेवलेल्या असतात. उतरतात त्याही पुष्कळदा गुठळ्यांत खर्ची पडल्यामुळे. म्हणजे कोरोनाच्या रोग्याचा आकडा दीड लाखाच्या वर आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, आणि सव्वा लाख आला म्हणून घाबरून प्लेटलेटची बाटली शोधत हिंडायचं नाही. कोरोनात आकडा झपाट्याने उतरत चालला असेल तर ती आजार वाढल्याची खूण असते, आणि ती डॉक्टरने बघायची.

पपईच्या पानाच्या रसाने कोरोनातली गुठळी थांबत नाही. रस पाजण्यात दवाखान्याचा दिवस घालवू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. "कोरोनात रक्त घट्ट होतं" असं ऐकून काही जण दुकानातून ॲस्पिरिनची गोळी आणून घेतात. तसं करू नका. पावसाळ्यातला ताप कोरोनाचा आहे, मलेरियाचा आहे की डेंगूचा, हे कपाळाला हात लावून कळत नाही. डेंगू असला तर ॲस्पिरिन आणि अंगदुखीच्या ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तपासणी होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉल, तेही आशाताईने किंवा नर्सबाईने सांगितलेल्या मापात. ज्यांना हृदयासाठी डॉक्टरांनी आधीच ॲस्पिरिन लिहून दिली आहे, त्यांनी ती मनाने बंदही करायची नाही. ताप आला की डॉक्टरांना विचारायचं.

गुठळी कुठे अडकते आणि कशी ओळखायची?

पायात. पोटरीत किंवा मांडीत आतल्या मोठ्या शिरेत गुठळी झाली की एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो, कधी लालसर-निळसर दिसतो. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा दुसरं असतं. दाखवायचं तेही, पण एकाच पायाची नवी सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. असा पाय जोराने चोळू नका, तेल लावून मालिश करू नका. गुठळी सुटून वर जाऊ शकते.

फुप्फुसात. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, किंवा तिथेच तयार होते. अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत टोचतं, धडधड वाढते, चक्कर येते, कधी खोकल्यातून रक्त पडतं. सुरुवातीला सांगितलेलं ते अचानक जाणं काही जणांत यामुळे घडतं.

मेंदूत. तोंड एका बाजूला वाकडं होतं, एक हात किंवा पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं. यालाच आपण लकवा म्हणतो. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून लकव्याला झाडफूक करत रात्र काढू नका. घड्याळ बघा आणि निघा.

हृदयात. छातीत दाबल्यासारखं होतं, घाम सुटतो, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाते. बायांमध्ये कधी कधी नुसतीच मळमळ, खूप थकवा आणि दम एवढंच दिसतं. "पित्त झालं असेल" म्हणून बाई सोसत राहते. सोसू नका.

ऑक्सिमीटर तुम्हाला ठाऊक आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत घरोघरी येऊन बोटाला चिमटा लावत होते, तेच यंत्र. कोरोनाच्या रोग्याचा ऑक्सिजन ९३ किंवा त्याखाली दिसला तर दवाखाना गाठायचा. बसून आकडा चांगला असेल तर रोग्याला घरातच सहा मिनिटं चालवून पुन्हा बघा. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त उतरला किंवा चालताना दम लागला तर थांबू नका. जो बसल्या जागी दमतो आहे त्याला मात्र चालवायचं नाही, सरळ न्यायचं. बोटाला मेंदी, नखरंग नको, हात गार नको. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. त्यामुळे यंत्र ९५ म्हणतंय आणि माणूस म्हणतोय दम लागतो, तर माणसाचं ऐका.

कोणी जास्त जपायचं?

वय साठच्या वर, रक्तदाब, साखर, वजन जास्त, कॅन्सर, आधी कधी गुठळी झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, किंवा खाटेला खिळलेलं माणूस. हे सगळीकडे सारखंच. पण बायांच्या आणि आपल्या भागाच्या तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली, गरोदर बाई आणि बाळंतीण. बाळंतपणात जास्त रक्त जाऊ नये म्हणून निसर्गच गरोदरपणात रक्त थोडं गोठरं करतो. त्यामुळे गरोदर बाईला गुठळीचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट असतो आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे तो बराच राहतो. त्यात कोरोना झाला तर भर पडते. आपल्याकडे बाळंतिणीला बाजेवरून उठू देत नाहीत आणि पाणी मोजून देतात. हे दोन्ही गुठळीला पोसणारं आहे. बाळंतिणीला पोटभर पाणी द्या, आणि नर्सबाईने परवानगी दिली की घरात चार पावलं चालू द्या. यासाठी सासूबाईंना समजवावं लागेल. त्यांनाच हा लेख वाचून दाखवा.

दुसरी, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या. माला-एनसारख्या गोळीत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने गुठळीचा धोका थोडा वाढतो. छाया गोळीत इस्ट्रोजेन नसतं. याचा अर्थ माला-एन फेकून द्या असा नाही. नको असताना दिवस गेले तर गरोदरपणातला धोका गोळीच्या धोक्यापेक्षा जास्त आहे. पण माला-एन घेणाऱ्या बाईला कोरोना झाला, तर आशाताईला किंवा डॉक्टरांना "मी ही गोळी घेते" हे नक्की सांगायचं. ते मार्ग सुचवतील.

तिसरी, सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार पुष्कळ घरांत आहे. गोंड, माडिया, परधान कुटुंबांत आहे, तसा इतर समाजांतही आहे. सिकलसेलच्या रोग्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. त्यांचं रक्त आधीच अडखळत वाहतं. अशा माणसाला कोरोना झाला तर ताप आला त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणं आणि दम लागणं हे सिकलसेलच्या त्रासातही होतं आणि कोरोनातही, घरी बसून फरक करता येत नाही. सिकलसेलचं कार्ड सोबत न्या, पाणी भरपूर पाजा, आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर मनाने बंद करू नका. ज्यांच्यात सिकलसेलचा फक्त अंश आहे, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांना इतकी भीती नाही. पण आपण वाहक आहोत हे डॉक्टरांना सांगावं.

दवाखान्यात काय करतात?

रक्ताच्या तपासण्यांत डी-डायमर नावाची एक तपासणी असते. गुठळीची जाळी विरघळताना तिचे तुकडे रक्तात येतात, ते यात मोजतात. पण डी-डायमर इतर कारणांनीही वाढतो. गरोदरपणात वाढतो, म्हातारपणात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, साध्या जंतुसंसर्गातही वाढतो. म्हणून त्रास काहीच नसताना हजार-दीड हजार रुपये घालून ही तपासणी करत बसण्याची गरज नाही. डॉक्टरने सांगितली तर करायची.

एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्स आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या डॉक्टरांसाठी कोरोना उपचाराची पद्धत ठरवून दिली. तीत ऑक्सिजन ९० ते ९३ च्या दरम्यान असलेल्या मध्यम आजारी रोग्यांना आणि ९० च्या खाली गेलेल्या गंभीर रोग्यांना हेपॅरिन जातीचं इंजेक्शन द्यायला सांगितलं होतं. ते पोटाच्या कातडीखाली टोचतात. पोटात सुई का टोचतात म्हणून अनेक घरचे घाबरले होते. गुठळी होऊ नये म्हणूनच ती टोचत होते. घरी राहून बरे होणाऱ्या साध्या रोग्यांना हे इंजेक्शन सांगितलेलं नव्हतं.

काहींना घरी जाताना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या देतात. या गोळ्या दुधारी आहेत. कमी पडल्या तर गुठळी होते, जास्त झाल्या तर रक्तस्राव. कागदावर जितके दिवस लिहिलं आहे तितकेच दिवस घ्यायच्या. शेजारणीला दोन गोळ्या उसन्या द्यायच्या नाहीत. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, काळी शी, लघवीत रक्त, अंगावर निळे डाग, किंवा पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त रक्त जात असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या अंगात आधीच रक्त कमी असतं, त्यामुळे पाळीतलं जास्तीचं रक्त "गरमीमुळे" म्हणून सोडून देऊ नका.

आणि लसीचं काय?

२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यात "कोविशील्डने गुठळी होते" ही बातमी खूप फिरली आणि लस घेतलेल्या बाया घाबरल्या. खरं काय ते नीट समजून घेऊ. या लसीनंतर क्वचित एखाद्याच्या शरीरात असे घटक तयार होतात की ते प्लेटलेटना चेववतात. मग गुठळ्याही होतात आणि प्लेटलेटही उतरतात. हे खरं आहे आणि ते २०२१ मध्येच लक्षात आलं होतं. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने लसीनंतरच्या गंभीर घटना तपासल्या. गुठळीच्या असू शकतील अशा २६ घटना आढळल्या. दहा लाख डोसमागे एकही नाही, ०.६१ असं हे प्रमाण होतं. असा त्रास बहुतेक लस घेतल्यापासून पहिल्या महिन्याभरातच होतो. ज्यांनी काही वर्षांपूर्वी लस घेतली त्यांनी आज त्या कारणाने झोप उडवून घेऊ नये.

आता कोरोनाच्या बाजूचा आकडा बघा. स्वीडन देशात कोरोना झालेल्या दहा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. त्यात आजारानंतरच्या पहिल्या तीस दिवसांत फुप्फुसातली गुठळी दर दहा हजारांत साधारण १७ जणांना झाली होती. दोन्ही देशांत मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे तोलून लावता येणार नाहीत. तरी धोका कुठे जास्त आहे हे उघड दिसतं.

ताप उतरल्यावर किती दिवस?

त्याच स्वीडनच्या अभ्यासात, जो २०२२ मध्ये छापून आला, असं दिसलं की पायातल्या गुठळीचा धोका आजारानंतर तीन महिन्यांपर्यंत आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत वाढलेला राहतो. रक्तस्रावाचा धोकाही दोन महिने वाढलेला असतो. सगळ्यांत जास्त धोका पहिल्या महिन्यात, आणि जे जास्त आजारी होते त्यांना. साधा आजार झालेल्यांतही थोडा धोका दिसलाच. म्हणून ताप उतरला म्हणजे संपलं असं धरायचं नाही.

या काळात करायचं ते खर्चाचं नाही. दिवसभर थोडंथोडं पाणी प्यायचं. उठता येत असेल तर तासा-दोन तासांनी घरात चालायचं. उठता येत नसेल तर खाटेवर पडूनच घोटे वर-खाली, गोल फिरवायचे. पोटरी हलली की पायातलं रक्त वर चढतं. तंबाखू, बिडी, खर्रा सोडायचा. एकदम रोवणीला किंवा ओझी वाहायला जायचं नाही, हळूहळू काम वाढवायचं. आणि दम, एका पायाची सूज, छातीतली कळ, तोंड वाकडं होणं, या चार खुणा रोज बघायच्या.

गटाने काय करावं?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र गेलेला नाही, अधूनमधून रोगी निघतात. आणि आज सांगितलेल्या गुठळीच्या खुणा कोरोना नसतानाही, बाळंतपणात, ऑपरेशननंतर, म्हातारपणात उपयोगी पडणाऱ्या आहेत.

खुणा ओळखल्या तरी दवाखाना जवळ नसतो, हे आपलं खरं दुखणं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. कोरची, धानोरा, एटापल्ली, जिवती इथल्या आतल्या पाड्यांवर रात्री गाडी मिळत नाही. म्हणून निघायचं की नाही हा विचार रोगी पडल्यावर करत बसलो तर उशीर होतो. तो आधीच करून ठेवायचा. येत्या बैठकीत गटाने एवढी पाच कामं करावीत.

गावात रात्री कोणाची गाडी मिळेल, ते ठरवून दोन नंबर भिंतीवर लिहावेत. त्याखाली १०८ ची ॲम्बुलन्स, गरोदर बाई आणि बाळंतिणीसाठी १०२, आणि सल्ल्यासाठी १०४ लिहावं.

गटाच्या बचतीतून दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. ती काढायला बैठकीची वाट बघायला लागू नये, अध्यक्ष-सचिवांनी तिथल्या तिथे द्यावी.

गटाचं एक ऑक्सिमीटर असावं आणि ते कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असावं. सेल तपासून ठेवावेत.

कोणत्या घरात सिकलसेलचा रोगी आहे, कोण गरोदर आहे, कोण बाळंतीण आहे, हे आशाताईला विचारून ध्यानात ठेवावं. मात्र कोणाच्या आजाराची चर्चा चावडीवर करू नये.

आणि ज्या घरात सून आजारी पडली की "बघू उद्या" म्हणतात, त्या घरी गटाच्या दोघी-तिघींनी जाऊन बसावं. एकटी सून बोलू शकत नाही. गटाच्या बाया दारात आल्या की घरचे उठतात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

पाट तुंबला तर आपण रात्री कंदील घेऊन जातो, कारण सकाळपर्यंत बांधी वाळेल हे ठाऊक असतं. माणसाच्या रक्ताचा पाट तुंबल्याच्या खुणा आता तुम्हाला ठाऊक आहेत. त्याही वेळी तसंच, लगेच निघायचं.

पुढच्या वेळी बायांच्या अंगातलं रक्त कमी का होतं, यावर बोलू. तोवर जपून राहा, पाणी प्या, आणि हा लेख ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. रामराम!